राजा नको, राणीही नको

(प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने कुडपण, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड येथे परिसरातील बायकांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाप्यांनो,

सकाळी झेंडावंदन झालं. पोरांनी प्रजासत्ताक दिन चिरायू होवो अशा घोषणा दिल्या, खाऊ घेतला आणि ती पांगली. आपण मात्र बसलो आहोत. म्हटलं, या शब्दाबद्दलच बोलू या. संयोजक बायकांनी मला सुचवलं होतं की पाण्यावर बोला, रेशनवर बोला. त्यावर दुपारी गटागटांत बोलणारच आहोत. पण मला वाटतं, पाण्यासाठी आणि रेशनसाठी ज्या जोरावर आपण भांडतो, तो जोर या शब्दातून येतो. म्हणून आधी तो नीट समजून घेऊ.

प्रश्न असा आहे. एखादा देश परक्यांच्या राज्यातून सुटला. आपलं सरकार आलं, आपला झेंडा आला. मग ज्या राजाच्या नावाने आपल्यावर राज्य चाललं होतं, त्याला नावापुरतं का होईना ठेवायचं, की तेही काढून टाकायचं? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? पण जगात आजही हा वाद चालू आहे. इंग्लंडचा राजा आज इंग्लंडखेरीज आणखी १४ देशांचा राजा आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका हे त्यांतले. बार्बाडोस नावाच्या छोट्या बेटाने ३० नोव्हेंबर २०२१ ला राणीला रजा दिली आणि सँड्रा मेसन या बाईंना पहिलं राष्ट्राध्यक्ष केलं. जमैकात तसं विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये मांडलं गेलं. ऑस्ट्रेलियात ६ नोव्हेंबर १९९९ ला लोकांना थेट विचारलं, तर निम्म्याहून जास्त लोकांनी बदल नको म्हणून सांगितलं. राणीचं प्रेम फार होतं असंच काही नाही. नवा राष्ट्राध्यक्ष संसदेने निवडायचा की लोकांनी, यावरून बदल हवा म्हणणाऱ्यांतच फूट पडली होती.

आणि आपणही या वाटेने गेलो आहोत. १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य मिळालं, पण राजा गेला नव्हता. २६ जानेवारी १९५० पर्यंत, म्हणजे दोन वर्षं पाच महिने, इंग्लंडचा सहावा जॉर्ज कायद्याने आपलाही राजा होता. दिल्लीत त्याच्या नावाने गव्हर्नर जनरल बसत होता, आधी माउंटबॅटन आणि मग राजगोपालाचारी. नोटांवर त्याच राजाचं चित्र होतं. त्या नोटांवर खाली सही कुणाची, तर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची. हे देशमुख आपल्या शेजारच्या महाड तालुक्यातल्या, रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावात जन्मलेले. सही आपल्या माणसाची आणि मुखडा विलायतेच्या राजाचा, अशी ती अर्धवट अवस्था होती. नव्या नोटांवर कुणाचं चित्र घालायचं यावर विचार झाला, गांधीजींच्या चित्राचे नमुनेही तयार झाले. शेवटी ठरला सारनाथचा अशोकस्तंभ. तो कुणाच्या बापाचा नाही आणि कुणाचा वारस नाही.

राजाला ठेवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं पाहिजे, कारण ते अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, राजा काही करत नाही, सह्या करतो आणि हात हलवतो. राज्य तर निवडून आलेली माणसंच चालवतात. मग घटना बदला, शिक्के बदला, हा खर्च कशाला? शिवाय राजा असला म्हणून बायकांचं वाईटच होतं असंही नाही. न्यूझीलंडच्या बायकांनी १८९३ साली मतदानाचा हक्क मिळवला, तो व्हिक्टोरिया राणीच्या अमलात. स्वीडन, नॉर्वे इथे आजही राजे आहेत आणि तिथल्या बायका आपल्यापेक्षा पुढे आहेत. उलट इराणमध्ये १९७९ साली शहा गेला, देशाच्या नावात प्रजासत्ताक आलं, आणि लग्न-घटस्फोटाबाबत बायकांना मिळालेलं संरक्षण काढून घेतलं गेलं. हे सगळं खरं आहे. मी ते नाकारत नाही.

तरी माझं मत ठाम आहे की राजा नको. तो चांगला की वाईट, महाग की स्वस्त, हा मुद्दा मी घेतच नाही. माझा प्रश्न आहे, तो तिथे आला कसा? तो जन्माला आला म्हणून आला. राजेशाहीचं सगळं घर एका खांबावर उभं असतं, आणि तो खांब म्हणजे वंश. वंश हा शब्द बायकांना नवा आहे का? वंशाला दिवा पाहिजे म्हणून कुणाकुणाला काय काय सोसावं लागलं, ते इथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. हे घरात होतं तेव्हा एका बाईचा जीव जातो. राज्यात होतं तेव्हा अख्खं राज्य एका बाईच्या पोटावर टांगलेलं असतं.

आपला इतिहासच बघा. १८४८ साली साताऱ्याचे राजे वारले. औरस मुलगा नव्हता. दत्तक घेतलेला मुलगा इंग्रजांनी मानला नाही आणि राज्य खालसा केलं. १८५४ साली झाशी आणि नागपूर हीच गत झाली. दोन्ही मराठी घराणी. लाखो माणसांच्या देशाचं काय होणार, हे एका राणीला मुलगा झाला की नाही, यावर ठरलं. इंग्रज लबाड होते यात शंका नाही. पण त्यांना ही लबाडी करता आली, कारण राज्य हीच वारसाहक्काची वस्तू होती.

आणि बाई गादीवर कशी येते तेही पाहा. राजाराम महाराज १७०० साली गेले. त्यानंतर औरंगजेबासारख्या शत्रूपुढे सात वर्षं ताराबाईंनी राज्य राखलं. पण कुणाच्या नावाने? चार वर्षांच्या मुलाच्या नावाने. कर्तबगारी आईची आणि शिक्का मुलाचा. इंग्लंडची एलिझाबेथ १९५२ साली राणी झाली आणि सत्तर वर्षं राहिली, तीसुद्धा तिला भाऊ नव्हता म्हणून. धाकटा भाऊ असता तर तो राजा झाला असता. थोरल्या मुलीच्या आधी धाकट्या मुलाचा नंबर लावायची ही रीत तिथे बंद व्हायला २०१५ साल उजाडलं, आणि त्यासाठी तो राजा मानणाऱ्या सगळ्या देशांची संमती घ्यावी लागली. एवढा खटाटोप करून समानता आली ती एका घरातल्या मुलींपुरती.

काही बायका म्हणतात, अहो पण व्हिक्टोरिया राणी बाईच होती ना, बाईला बाईचं दुःख कळतं. त्यांना मी रखमाबाईंची गोष्ट सांगते. मुंबईची ही मुलगी. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८४ साली नवरा कोर्टात गेला. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला, पण अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये हायकोर्टाने हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. त्या वर्षी राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं होत होती. लंडनच्या टाइम्समध्ये रखमाबाईंचं पत्र छापून आलं. विवाहाचा कायदा बदला, अशी विनवणी त्यांनी राणीला केली होती. एका बाईने दुसऱ्या बाईकडे पदर पसरला होता. काय झालं? कायदा बदलला नाही. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण कोर्टाबाहेर मिटवावं लागलं. पुढे रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या, ते त्यांच्या जिद्दीमुळे.

राणी दुष्ट होती असं मी म्हणत नाही. पण राजा-राणीपुढे माणूस अर्जच करू शकतो. मर्जी झाली तर मिळेल, नाहीतर नाही. प्रजासत्ताकात आपण अर्ज लिहितो तोही हक्काचा असतो. रेशन दुकानदार आजही म्हणतो, बघू, पुढच्या महिन्यात या. तेव्हा आपण त्याच्या पाया पडत नाही, तहसीलदाराकडे तक्रार करतो. हा फरक १९५० साली पडला.

आता मनातला खरा प्रश्न. इथे बसून राजा नको म्हणायचं? एका अंगाला प्रतापगड, दुसऱ्या अंगाला रायगड, तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच तालुक्यात. मग महाराजांचं काय? मला हा प्रश्न टाळायचा नाही. शिवाजी महाराज राजाच्या पोटी जन्मले नव्हते. त्यांचे वडील दुसऱ्याच्या दरबारातले सरदार होते. महाराजांनी राज्य उभं केलं आणि मग ६ जून १६७४ ला रायगडावर अभिषेक करून घेतला. नवी वतनं द्यायला ते नाखूष असत, चाकरीचा मोबदला रोख द्यावा अशी त्यांची रीत होती. कारण वतनदार पिढ्यानपिढ्या बसला की रयतेला नागवतो, हे त्यांनी पाहिलं होतं. आपण त्यांना मानतो ते त्यांच्या कामासाठी. पण १६८० साली ते गेले आणि त्याच महिन्यात रायगडावर वारसाचा तंटा उभा राहिला. सावत्र आई, सावत्र भाऊ, कट. पुढे सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. कर्तबगारी वारशाने उतरत नाही, गादी मात्र उतरते. महाराजांचा मान ठेवायचा तर गादीची पूजा करायची गरज नाही.

आणि मी तर म्हणेन, प्रजासत्ताकाची सुरुवात दिल्लीत झाली त्याच्या कितीतरी आधी ती तुमच्या शेजारी महाडला झाली. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव आधीच केला होता, पण तो कागदावर होता. पाणी कुणी प्यायचं हे जन्मावर ठरत होतं. २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली. त्या परिषदेत बाबासाहेबांनी फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रसभेची आठवण काढली. फ्रान्समध्ये राजाच्या जन्मसिद्ध सत्तेला हात घातला गेला, महाडला जातीच्या. जन्माने मिळणारी सत्ता मोडायची, हे काम एकच. परिषदेनंतर बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. तुमची जात ओळखू यावी असा पोशाख टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं, आणि बायकांनी लुगडं नेसायची रीत बदलली. पाण्याच्या हक्कावर हायकोर्टाची मोहोर मात्र दहा वर्षांनी, १९३७ साली उमटली.

तसेच आपल्या कोकणातले खोत. खोत म्हणजे गावचा छोटा राजाच. बापानंतर मुलगा खोत. कुळाने पिकवायचं आणि त्याच्या दारात नेऊन घालायचं. खोती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ साली. वंशपरंपरेची पाटीलकी गेली १९६२ च्या कायद्याने. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली २६ व्या घटनादुरुस्तीने बंद झाले. म्हणजे बघा, वरची खुर्ची रिकामी झाली आणि खालच्या खुर्च्याही एकेक करून हलल्या. वर जन्माचा राजा मानून खाली जन्माचा खोत मोडता आला असता का? आला असता कदाचित, पण तोंडाने सांगणं जड गेलं असतं.

तरीही नुसतं राजाला घालवून भागत नाही. मॉरिशसचं उदाहरण घ्या. आपल्या कोकणातून, घाटावरून मराठी माणसं शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तिथे उसाच्या मळ्यांत करारावर राबायला गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथे गणपती बसवतात. तो देश १९६८ साली स्वतंत्र झाला, पण इंग्लंडची राणी २४ वर्षं त्यांची राणी राहिली. १२ मार्च १९९२ ला त्यांनी प्रजासत्ताक केलं. २०१५ साली अमीना गुरीब-फकीम ही बाई तिथे राष्ट्राध्यक्ष झाली. पण शेवटचं अपील आजही लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. नेपाळने २८ मे २००८ ला राजा घालवला. २०१५ साली घटना केली, तर त्यात आईच्या नावाने मुलाला नागरिकत्व देताना बापाइतका हक्क आईला दिला नाही. राजा गेला आणि वंश कायद्यात उरला.

आपल्याकडेही तेच. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीला बजावलं होतं की राजकारणात आपण समान होणार आणि समाजात, मिळकतीत असमानच राहणार, ही विसंगती फार दिवस टिकवली तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. त्या समितीत सुमारे तीनशे सभासदांमध्ये पंधराच बायका होत्या. पहिल्या निवडणुकीच्या मतदार याद्या करताना सुमारे २८ लाख बायकांची नावं गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. राजा गेला होता, पण त्या बायका अजून कुणाच्या तरी वंशाच्या खात्यावर होत्या.

आता तुमच्या-माझ्या घरात येऊ. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलाला जन्मतःच हिस्सा आणि मुलीला नाही, हा कायदा प्रजासत्ताकात कितीतरी वर्षं चालू होता. हे काय होतं? घराघरातली गादीच. महाराष्ट्राने १९९४ साली तो बदलला, पण आधीच लग्न झालेल्या मुली वगळून. देशाचा कायदा बदलला २००५ साली. बाप २००५ च्या आधी वारला असला तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. कायदा इथवर आला. आणि आपण? माझ्या माहेरी वडील गेल्यावर तेराव्याच्या आतच हक्कसोडीचा कागद आला. सही कर, माहेर तुटायला नको, असं सगळे म्हणाले. भाऊ वाईट नव्हता, पण कागद तयार होता. तो मी वाचून परत दिला. अबोला धरला गेला, दोन वर्षांनी सुटला. माहेर तुटलं नाही.

इथल्या वाड्यांत पुरुष मुंबई-पुण्याला. भाताची लावणी, नाचणी, गुरं, म्हातारी माणसं, उन्हाळ्यातलं पाणी, सगळं तुम्ही बघता. पण सात-बारावर नाव कुणाचं? निम्म्या जागा बायकांच्या हा कायदा २०११ साली झाला. बाई सरपंच होते आणि खुर्चीवर तिचा नवरा बसतो. सरपंचबाईंना विचारलं तर म्हणतात, ह्यांना विचारा. ताराबाई मुलाच्या शिक्क्यावर राज्य करत होत्या, पण निदान राज्य त्याच करत होत्या. आपल्या सरपंचबाईचा शिक्का तिचा आणि राज्य नवऱ्याचं. हे उलटं झालं आहे.

म्हणून कुणी मला विचारलं की जमैकाने, ऑस्ट्रेलियाने काय करावं, तर मी सांगेन, राजा काढा. तो काही करत नाही, हे कारण पुरेसं नाही. काही न करता केवळ जन्माने तो सगळ्यांच्या वर बसतो, हेच तर कारण आहे. पण पाटी बदलून झोपी जाऊ नका. जन्मावर बसलेली प्रत्येक खुर्ची शोधून काढा, पार स्वयंपाकघरापर्यंत.

आणि तुम्हाला तीन कामं सांगते. एक, तलाठ्याकडून सात-बारा काढून घ्या आणि स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. दोन, हक्कसोडीच्या कागदावर दुःखाच्या दिवसांत सही करू नका. महिनाभर थांबा, विचारा, मग काय ते ठरवा. द्यायचं तर समजून द्या. तीन, ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती घ्यायला लावा. त्यात झालेला पाण्याचा ठराव ग्रामसेवकाकडून लिहून घ्या आणि खाली सही करताना स्वतःचं नाव घाला. अमक्याची बायको लिहू नका.

आता चहा घ्या. मग गटांत बसू.